तुमचा बेस कॉन्ड्युइटमुळेच सापडला असावा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरवर समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटाचा बेस (तुमचं घर), दोन महिन्यांची मेहनत, आणि एके सकाळी सामानाच्या सगळ्या चेस्ट (पेट्या) रिकाम्या. एवढ्या मोठ्या समुद्रात चोरांना जागा सापडली कशी आणि परत बांधताना भिंती कशाच्या घ्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. शेवटी सहज लिहून गेलात की त्यांच्यातला एक जण चॅटमध्ये म्हणाला, "पाण्यात उतरलो आणि एकदम लख्ख दिसायला लागलं." त्या वाक्यावर मी थांबले. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं आणि कारण कळायला पाच महिने लागले.

भिंतींचं नंतर बघू. तुमच्या बेसमध्ये कॉन्ड्युइट (पाण्याखाली श्वास आणि नजर देणारा ब्लॉक) आहे, आणि बहुतेक त्याच्याभोवती पूर्ण 42 ब्लॉकची फ्रेम. बरोबर?

स्पंज कुठून आणायचे, वाळूचे आडवे बांध घालून पाणी कसं उपसायचं, दार नि शिडी पाणी कशी अडवतात, हे घुमट बांधणाऱ्याला सांगायची गरज नाही. ते सगळं सोडते. (मी गेमच्या जावा एडिशनवर खेळते. तुम्ही बेडरॉक या दुसऱ्या एडिशनवर असाल तर खालचं सगळं आधी एका रिकाम्या वर्ल्डमध्ये करून बघा, मग खऱ्या बेसला हात लावा.)

आमचा बेस मी आणि माझ्या मावसभावाने मिळून बांधला होता. तो तेव्हा अकरावीत होता, क्लासवरून आला की रात्री तासभर यायचा. किनाऱ्यापासून होडीने बराच वेळ लागेल इतक्या आत जागा घेतली. येण्याजाण्यासाठी तळाखालून बोगदा होता, वर पाण्यावर काहीच नव्हतं. कॉन्ड्युइट बनवायला लागणारं हार्ट ऑफ द सी पुरलेल्या खजिन्यातून मिळालं, आठ नॉटिलस शेल (शिंपले) जमवायला मात्र आठवडे गेले. मासे पकडत बसायचो, हातात शेल असलेला ड्राउन्ड (पाण्यातला झाँबी) दिसला की त्याच्यामागे धावायचो. मग कॉन्ड्युइटभोवती प्रिझमरीनच्या (समुद्री दगडाच्या) फ्रेमच्या तिन्ही कड्या पूर्ण केल्या, 42 ब्लॉक. श्वासाची चिंता संपली, खोल पाण्यातलं स्वच्छ दिसायला लागलं, आठ ब्लॉकच्या आत आलेला ड्राउन्ड कॉन्ड्युइट स्वतःच मारायला लागला. त्या रात्री आम्ही दोघं नुसते बेसभोवती पोहत होतो. खूप सुंदर दिसत होतं ते.

आणि तीच आमची सगळ्यात महागात पडलेली चूक.

कॉन्ड्युइट मालक ओळखत नाही. त्याच्या टप्प्यात जो कोणी पाण्यात असेल, किंवा नुसता पावसात उभा असेल, त्या प्रत्येकाला कॉन्ड्युइट पॉवर मिळते. फ्रेममध्ये दर सात ब्लॉकमागे टप्पा 16 ने वाढतो, म्हणजे 42 ब्लॉकला 96. तुमच्या बेसपासून 96 ब्लॉकच्या आत कोणाची होडी फुटली, तो पाण्यात पडला, की त्याच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात चिन्ह येतं आणि समोरचं धुकं हटतं. नैसर्गिक समुद्रात कॉन्ड्युइट कुठेच नसतो, त्यामुळे जाणत्या माणसाला तिथेच कळतं की इथे कोणीतरी राहतंय.

पुढे केंद्र शोधणं अवघड नाही. आमचा बेस ज्याने फोडला त्याने पाच महिन्यांनी स्वतःच हे मला सांगितलं. एका दिशेला पोहत जायचं, चिन्ह जाईल तिथले कोऑर्डिनेट्स (जागेचे आकडे) लिहून ठेवायचे. टप्प्याबाहेर गेल्यावरही परिणाम तेरा सेकंद टिकतो, म्हणून तो थोडं पुढे जाऊन थांबायचा, मग मागे येऊन खात्री करायचा. तसंच उलट दिशेला. मधला बिंदू काढायचा, तिथून काटकोनात परत तेच. चार नोंदी आणि तो आमच्या छपरावर. शिवाय खाली उतरायला त्याला औषध लागलं नाही, मशाल लागली नाही. श्वास आमच्याच कॉन्ड्युइटने दिला, नजर त्यानेच दिली, आणि खोदण्याचा वेगसुद्धा. तुमच्या चोराचं ते "लख्ख" म्हणजे हेच असणार.

त्या दिवशी मी लॉगिन केलं तेव्हा होडीतून आधी काय दिसलं सांगते. पाण्यावर गव्हाचं बी आणि बीटाचं बी तरंगत होतं. आमच्या शेताचं. छपराच्या काचा काढल्या होत्या, पाणी आत शिरून शेत धुवून नेलं होतं आणि दाणे वर आले होते. खाली प्रत्येक चेस्टचं झाकण उघडून पाहिलं. भावाच्या चेस्टवर त्याने "हात लावू नये" अशी पाटी लावली होती. पाटी जागेवर होती, आत काही नव्हतं. त्याला फोन करून सांगायला मला अर्धा तास लागला.

आता ॲडमिन मंडळींबद्दल. सर्व्हरचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पण तुम्ही तिकीट (तक्रार) टाकून उत्तराची वाट बघताय म्हणून हे लिहिणं भाग आहे. आम्ही चोरीच्या दोन महिने आधी समुद्रातल्या जागेसाठी क्लेम (जागा आपल्या नावावर राखून ठेवणं) मागितला होता. "विचाराधीन" एवढंच उत्तर, पुढे काही नाही. चोरी झाली त्याच रात्री स्क्रीनशॉट, कोऑर्डिनेट्स, शेवटच्या लॉगिनची वेळ, सगळं जोडून तिकीट टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं की हीच माहिती दुसऱ्या फॉर्ममध्ये भरा. भरली. बाराव्या दिवशी कळवलं की ब्लॉकचे लॉग (कोणी काय फोडलं याच्या नोंदी) सातच दिवस ठेवतो, ते आता पुसले गेले, आणि तसंही क्लेम नसलेल्या जागेची जबाबदारी आमची नाही. क्लेम कोणी अडवून ठेवला होता? फॉर्मची आठवण चार दिवसांनी का झाली? हे विचारलं तर तिकीट बंद. सगळे ॲडमिन असे असतात असं मी म्हणत नाही. आता जिथे खेळते तिथली ॲडमिन मुलगी त्याच रात्री लॉग काढून देते. पण तुमच्या सर्व्हरवर लॉग किती दिवस ठेवतात हे आजच विचारा, उद्या नको. आणि उत्तर लेखी घ्या.

मी सध्या काय करते ते सांगते. हे माझं मत आहे. 42 ब्लॉकचा कॉन्ड्युइट आवडणारे पुष्कळ जण आहेत आणि दोनच मित्रांच्या खाजगी सर्व्हरवर तो खुशाल लावा. अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर मात्र मी तो कधीच लावणार नाही.

फक्त 16 ब्लॉक ठेवते, म्हणजे एकच कडी. टप्पा 32 होतो, घराभोवती काम करायला तेवढा भरपूर आहे. ड्राउन्डला मारायची सोय जाते, ती जाऊ दे. त्यासाठी उजेड ठेवा आणि हाताशी ट्रायडंट (त्रिशूळ) ठेवा. या 16 मधला एक ब्लॉक मी स्टिकी पिस्टनवर (ब्लॉक ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रावर) घेतलाय. पिस्टनने तो ओढला की 15 उरतात आणि कॉन्ड्युइट बंद. बाहेर काम असेल तेव्हाच चालू करते, लॉगआउट करताना न चुकता बंद. रेडस्टोन (गेममधली वायरिंग) नि लिव्हर (खटका) पाण्यात वाहून जातात, म्हणून कॉन्ड्युइट कोरड्या खोलीच्या भिंतीला लागून घ्या, पिस्टन भिंतीत आणि लिव्हर आत.

आता भिंती. तुम्ही पूर्ण घुमट ऑब्सिडियनचा (सगळ्यात कठीण दगडांपैकी एकाचा) करायचं म्हणताय. माझ्या मते ती मेहनत चुकीच्या ठिकाणी आहे. पाण्यात फुटलेला टीएनटी (स्फोटक) ब्लॉक मोडतच नाही, बाहेरून समुद्रच तुमची भिंत आहे. (तोफेतून टीएनटीबरोबर वाळू सोडून पाणी बाजूला सारणारे लोक असतात, पण ते मोठ्या टोळ्यांचं काम.) धोका आतल्या हवेत आहे. कोरड्या खोलीत एक टीएनटी किंवा एक क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) फुटला की आतून भिंत गेली. म्हणून कोरडी जागा कमीत कमी ठेवा. झोपायला, शेताला आणि भट्ट्यांना पुरेल एवढीच. सामानाची खोली मी पाण्याने भरलेलीच ठेवते, चेस्ट पाण्यातही उघडतात. आणि पाण्यात खोदणं मुळातच फार हळू होतं, हेल्मेटवर ॲक्वा ॲफिनिटीची जादू नसेल तर पाचपट, पाय टेकलेले नसतील तर आणखी पाचपट. चोराला तिथे वेळ घालवू दे. त्याला कॉन्ड्युइटची मदत मिळाली नाही म्हणजे झालं.

खरं मौल्यवान सामान एंडर चेस्टमध्ये. ती फोडली तरी आतलं फक्त तुमचंच राहतं. 27 शल्कर बॉक्स (सामानासकट उचलता येणाऱ्या पेट्या) त्यात बसतात, यापेक्षा मोठी तिजोरी गेममध्ये नाही. आळसामुळे आम्ही हे केलंच नव्हतं, शल्कर बॉक्स आणायला एंडला (गेममधल्या दुसऱ्या जगात) जायचं "पुढच्या रविवारी" ठरलं होतं.

दोन-तीन सुट्या गोष्टी. सोल सँड किंवा मॅग्माचा बुडबुड्यांचा खांब थेट पृष्ठभागापर्यंत नेऊ नका, वरून जाणाऱ्याची होडी त्यावर हलते किंवा बुडते आणि तो खाली बघतोच. रात्री काचेखालचे सी लँटर्न (पाण्यातले दिवे) होडीतून दिसतात, छपरावर माती आणि केल्प (समुद्री शेवाळ) घाला. ओशन मॉन्युमेंटमध्ये (समुद्रातल्या तयार वास्तूत) राहायचा विचार असेल तर सोडा, गावातला कार्टोग्राफर (नकाशे विकणारा) त्याचा नकाशा कोणालाही विकतो. आणि ओला स्पंज वाळवताना, इंधन पेटलं की भट्टीत इंधनाच्या खणात रिकामी बादली ठेवा, ती पाण्याने भरून मिळते.

बदला घ्यायला जाऊ नका एवढं मोठी बहीण म्हणून सांगते. भाऊ गेला होता, त्यालाच बॅन मिळाला.

घुमट पुन्हा बांधायच्या आधी जुन्या कॉन्ड्युइटची फ्रेम शिल्लक असेल तर ब्लॉक मोजून इथे लिहा. आणि तुमच्या बेसपासून सगळ्यात जवळचा रस्ता, पोर्टल किंवा दुसऱ्या कोणाचं घर किती ब्लॉकवर आहे तेही. 96 च्या आत निघालं, तर नवी जागा शोधताना आधी ते अंतर बघू. मी रात्री दहानंतर ऑनलाइन असते.