प्रश्न वाचकांचे : लॉरिन हिलचा अल्बम, त्याचा खप आणि त्याचं श्रेय

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ ऑगस्ट १९९८ मध्ये आला. अमेरिकी गायिका-रॅपर लॉरिन हिलचा एकटीचा स्टुडिओ अल्बम आजवर हा एवढाच. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ४,२२,६२४ प्रती खपल्या. २०१८ मध्ये अमेरिकी रॅपर कार्डी बीच्या ‘इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी’चा आकडा सुमारे २,५५,००० होता आणि तरी त्याला जोरदार यश म्हटलं गेलं. हे कसं?

दोन्ही आकडे खपाच्या याद्या छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ मासिकाचे असले तरी मोजमाप एक नाही. १९९१ पासून दुकानातल्या बारकोडवरून खप मोजला जाऊ लागला. त्यामुळे १९९८ चा आकडा म्हणजे पैसे मोजून घरी नेलेल्या सीडी आणि कॅसेट. स्त्री कलाकारासाठी पहिल्या आठवड्याचा तो तोवरचा उच्चांक होता.

डिसेंबर २०१४ पासून ‘समतुल्य प्रती’ मोजतात. अख्खा अल्बम विकला गेला की एक प्रत, सुटी दहा गाणी डाउनलोड झाली की एक प्रत, आणि एप्रिल २०१८ च्या नियमानुसार त्यातली गाणी ऑनलाइन, म्हणजे स्ट्रीमिंगवर, एकूण १,५०० वेळा ऐकली गेली की एक प्रत. कार्डी बीच्या गाण्यांचं स्ट्रीमिंग त्या आठवड्यात सुमारे २० कोटी २६ लाख वेळा झालं. त्याला १,५०० ने भागा, सुमारे १,३५,००० प्रती येतात. प्रत्यक्ष विकलेले अल्बम सुमारे १,०३,०००. उरलेल्या सतराएक हजार प्रती सुट्या गाण्यांच्या. म्हणजे ४,२२,६२४ शी तुलना करायचीच असेल तर ती १,०३,००० शी करा. पण तीही लंगडीच, कारण २०१८ च्या श्रोत्याला विकत घ्यायची गरजच उरली नव्हती.

यात एक गोम आहे. तेरा गाण्यांचा अल्बम कुणी सलग ऐकला तर १३ स्ट्रीम होतात, म्हणजे साधारण ११५ वेळा ऐकल्यावर एक प्रत ‘खपते’. गाणी वीस असतील तर ७५ वेळा पुरे. अल्बम उगाच लांबताना दिसतात त्याचं एक कारण हे गणित. जुलै २०१८ मध्ये नियम पुन्हा बदलला : पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम किंवा जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक प्रत असं तेव्हा ठरलं. त्यामुळे जुलैआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाही जपूनच करावी.

प्रश्न : अमेरिकेत एक कोटी प्रतींसाठी दिलं जाणारं डायमंड प्रमाणपत्र या अल्बमला २०२१ मध्ये मिळालं. एक कोटी प्रती व्हायला २३ वर्षं लागली का?

तसं म्हणता येत नाही. प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनी अर्ज करते, हिशेब तपासला जातो, मग मोहोर उमटते. शिवाय २०१६ पासून अमेरिकेत या हिशेबातही स्ट्रीमिंग धरलं जातं. प्रमाणपत्रावरची तारीख म्हणजे एक कोटीवी प्रत विकल्याची तारीख नव्हे.

प्रश्न : वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळवणारा हा पहिला हिप-हॉप अल्बम, असं वाचलं. पण यात निम्मं तर गाणंच आहे, रॅप नाही!

आहेच, आणि ग्रॅमीनंही तेच पाहिलं असावं. १९९९ मध्ये दहा नामांकनं आणि पाच पुरस्कार मिळाले : सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम नवोदित कलाकार, आणि उरलेले तीन आर अँड बी, म्हणजे ‘रिदम अँड ब्लूज’ या गायकीप्रधान प्रकाराच्या विभागात. रॅपचं नामांकन होतं, पुरस्कार मात्र विल स्मिथला गेला. म्हणजे हिप-हॉपला मानाचं पान वाढलं ते बरंचसं गाणाऱ्या लॉरिनसाठी. रॅप अल्बमचं ग्रॅमी एकट्या स्त्रीला पहिल्यांदा मिळालं ते २०१९ मध्ये, कार्डी बीला.

प्रश्न : आम्ही दोघी मिळून रॅप करतो. बीट (बोलांखालचं ताल-संगीत) तिची, बोल माझे, हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) दोघींचा. लॉरिनच्या अल्बमवर श्रेयावरून खटला झाला होता म्हणतात. आम्ही काय लिहून ठेवावं?

नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘न्यू आर्क’ या चौघांच्या गटानं दावा लावला. अल्बमच्या लेखनात आणि निर्मितीत आमचा वाटा होता, पण तसं श्रेय मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. लॉरिनच्या बाजूला ते मान्य नव्हतं. २००१ मध्ये तडजोड झाली. त्यामुळे कोण खरं, हे न्यायालयानं ठरवलेलं नाही. काम होत असताना कुणाचं काय, हे कागदावर नव्हतं. भांडणाचं मूळ तिथे.

आधी दोन मालकी वेगळ्या करा. बोल आणि चाल मिळून ‘रचना’, आणि ध्वनिमुद्रण म्हणजे ‘मास्टर’. दोन्हींची टक्केवारी स्वतंत्र लिहा. स्टुडिओचं भाडं जिनं भरलं तिचा मास्टरमध्ये वाटा जास्त असू शकतो, रचनेत त्यामुळे काही बदलत नाही.

‘स्प्लिट शीट’, म्हणजे वाट्यांचा कागद, गाणं झालं त्याच दिवशी भरा. तात्पुरतं नाव, तारीख, प्रत्येकीचं कागदोपत्री नाव व रंगमंचावरचं नाव, काम, टक्के, सही. बेरीज बरोबर १०० यायला हवी. बहुतेक वेळा ती ११० येते, कारण हुक दोघीही आपापल्या खात्यात धरतात. म्हणून हुक वेगळी ओळ म्हणून लिहा. सॅम्पल, म्हणजे दुसऱ्या गाण्याच्या मुद्रणातला तुकडा, वापरलं असेल तर आधी त्याचा वाटा काढा : मूळ हक्कदारानं ४० मागितले तर तुमच्यात वाटायला ६०च उरतात. सॅम्पलला दोन परवानग्या लागतात, मूळ रचनेची आणि मूळ मुद्रणाची. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला तर फक्त रचनेची.

मानधनावर वाजवून गेलेल्या वादकाकडूनही ‘मानधन मिळालं, रचनेत वाटा नाही’ असं लिहून घ्या. त्यानं नवी धून सुचवली असेल तर मात्र हे वाक्य खरं राहत नाही. मग टक्के द्या. बीट नंतर बदलली, तिसरीनं कडवं घातलं, तर नवा कागद करून पुन्हा सह्या घ्या. जुना फाडू नका.

प्रश्न : ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत हा २००३ मध्ये ३१२ वा होता, २०२० मध्ये थेट १० वा. अल्बम तर तोच!

मतदार तेच नव्हते. २०१२ ची यादी म्हणजे जुन्या यादीची डागडुजी होती. २०२० मध्ये नव्यानं मतदान घेतलं आणि त्यात तरुण कलाकार बरेच होते, लहानपणी हाच अल्बम ऐकलेले. २०२४ मध्ये अ‍ॅपल म्युझिकनं १०० अल्बमांच्या यादीत याला पहिला क्रमांक दिला, तो स्ट्रीमिंगच्या आकड्यांवरून नाही. त्यांच्याच चमूनं कलाकार आणि जाणकारांना सोबत घेऊन ती निवड केली. अशी कुठलीही यादी हाती आली की क्रमांकाआधी मतं कुणाची आणि कधी घेतली ते पाहा. बहुतेकदा ते प्रस्तावनेतच छापलेलं असतं.