वाचक विचारतात : जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा जोर आणि त्यांची निगा

प्रश्न : जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घ्यावी आणि रोज नाही तरी दर आठवड्याला चालवावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. यामाहा आरएक्स १००, येझदी रोडकिंग आणि यामाहा आरडी ३५० (किंवा तिचेच राजदूत ३५० हे रूप) अशा तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. यांपैकी पळायला सरस कोणती आणि सांभाळायला सोपी कोणती?

उत्तर : आपण हे दोन प्रश्न म्हणून विचारले आहेत, पण टू-स्ट्रोकच्या बाबतीत त्यांची फारकत करता येत नाही. या इंजिनात क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालची क्रँकची (पिस्टनच्या ये-जा हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेच दाबले जाऊन पोर्टांमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, सिलिंडरमध्ये चढते. या पंपाची हवाबंदी ढिली पडली की जोर जातो, मग पुस्तिकेत अश्वशक्ती कितीही छापलेली असो. त्यामुळे नीट बांधलेली लहान गाडी दुर्लक्षित मोठ्या गाडीला मागे टाकताना दिसते, त्यात आश्चर्य नाही.

आता आकडे पाहू. आरएक्स १०० चे ९८ सीसीचे इंजिन ११ अश्वशक्ती देते, तर १९७३ साली आलेल्या मूळ आरडी ३५० चे ३४७ सीसीचे जुळे इंजिन ३९. दर लिटरमागे हिशेब केला तर दोन्हीकडे उत्तर सुमारे ११२ येते. याचे कारण दोघींची घडण एकाच विचाराची आहे : मिश्रण आत येण्याच्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह, म्हणजे पातळ पाकळ्यांची एकदिशा झडप, बसवलेली असते आणि ती इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिश्रणाला कार्ब्युरेटरकडे परतू देत नाही. राजदूत ३५० चे मात्र इंजिन मुद्दाम मवाळ केले गेले. तिची सुरुवातीची आवृत्ती ३०.५ आणि नंतरची २७ अश्वशक्तीची होती, शिवाय पुढच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम आला. तेव्हा कोणी राजदूत दाखवून ३९ अश्वशक्तीची गोष्ट सांगत असेल, तर ती गोष्ट त्या गाडीची नव्हे.

रोडकिंगची १६ अश्वशक्ती २४९ सीसीमधून येते, म्हणजे लिटरमागे जेमतेम ६४. यावरून तिला सुस्त ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर, तर आरएक्सचे दोन्ही ५० मिलिमीटर. हिशेब केला तर आरएक्सचा पिस्टन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर सेकंदाला सरासरी १२.५ मीटर धावतो आणि येझदीचा पिस्टन तोच वेग अवघ्या ५,००० फेऱ्यांवर गाठतो. लांब स्ट्रोकचे हे इंजिन उंच फेऱ्यांसाठी नाहीच; ते खालूनच ओढते, आणि चढावर गिअर न बदलता गाडी वर नेण्याचा जो आनंद ते देते, तो इतर दोघी देत नाहीत. आरएक्सचा पिकअप मधल्या फेऱ्यांनंतर खुलतो. आरडी खालच्या फेऱ्यांत शांत असते आणि वर गेल्यावर एकदम ताणते, म्हणून तिचे सहा गिअर सतत वापरत राहावे लागतात.

निगेचा विचार केला तर आरएक्स सर्वांत सोपी आहे. एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. हेड आणि सिलिंडर काढून पिस्टन पाहणे हे थोडीफार साधने हाताळणाऱ्याचे अर्ध्या दिवसाचे काम. येझदीत आत येणारा पोर्ट पिस्टनच उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे तिथे झडप नाही आणि झडपेची झीजही नाही. मात्र दोन सायलेन्सर असल्याने कार्बन दोन्हींतला काढावा लागतो. आरडीत सगळेच दुप्पट आहे. दोन कार्ब्युरेटरांच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत, ऑईल पंपाची केबलही त्यांच्याशी जुळली पाहिजे, आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचे दोन संच असल्याने टायमिंग (ठिणगीचा क्षण) दोन्ही सिलिंडरांचे स्वतंत्र लावावे लागते. क्रँक दाबून जोडलेला असून त्याला चार बेअरिंगे आहेत आणि मधला सील (दोन सिलिंडरांखालच्या पोकळ्या वेगळ्या ठेवणारा) बदलायचा तर क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ रेषेत आणावा लागतो. ते काम येणारा माणूस आधी गाठावा आणि मगच आरडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिलीच जुनी टू-स्ट्रोक घेत असाल तर आरएक्स घ्या. घाई नसलेल्या लांबच्या फेरफटक्यांची ओढ असेल तर येझदी.

प्रश्न : इंजिन गरम झाले की ॲक्सिलरेटर सोडूनही रेस उतरत नाही, कधी कधी तर ती आपोआप वाढते. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, जेटही (पेट्रोलचा प्रवाह ठरवणारे बारीक भोकाचे भाग) बदलले. दोष कुठे असावा?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे मी स्वतः भोगली आहेत आणि मीही आधी कार्ब्युरेटरवरच वेळ घालवला होता. शेवटी मॅग्नेटोचे (क्रँकच्या टोकावरच्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचे) कव्हर काढले, तर स्टेटर प्लेटच्या खालच्या कडेपासून तेलाचा काळा, ओलसर ओघळ उतरलेला दिसला. तिथला क्रँकचा सील, म्हणजे क्रँककेस हवाबंद ठेवणारी रबरी कडी, काढून त्याच्या ओठावर नख दाबले, तर रबर दबलेच नाही. ते प्लॅस्टिकसारखे टणक झाले होते. क्रँककेसमध्ये ओढ निर्माण झाली की असा सील बाहेरची हवा आत घेतो, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते आणि रेस चढते. दाब आला की तोच सील तेलकट वाफ बाहेर टाकतो, ओघळ तिचाच असतो.

हा दोष दुसऱ्या, म्हणजे क्लचच्या बाजूच्या सीलमध्ये असेल तर खूण निराळी दिसते. तिकडून हवेऐवजी गिअर ऑईल ओढले जाते, गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही, आणि गिअरबॉक्सची पातळी बाहेर एक थेंबही न सांडता उतरत जाते. पक्की खात्री करायची तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत, आत सुमारे ६ पीएसआय दाब भरावा आणि काही मिनिटे काटा पाहावा. तो खाली येत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत; गळती सीलऐवजी सिलिंडरच्या तळाच्या पॅकिंगमधूनही असू शकते. दोष निघेपर्यंत गाडी चालवू नका, कारण पेट्रोल कमी पडलेल्या मिश्रणावर पिस्टन अती तापून सिलिंडरला धरतो, म्हणजे जाम होतो. वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी घेतली असेल तर मी दोन्ही सील कसलीही लक्षणे दिसण्याआधीच बदलतो. सील ही लहान वस्तू आहे. सिलिंडर पुन्हा बोअर करणे, म्हणजे आतून कोरून रुंद करणे, हे मोठे काम आहे, आणि त्यासाठी लागणारे ओव्हरसाईझ (मोठ्या मापाचे) पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या मोजक्याच टप्प्यांपर्यंत मिळतात.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑईल थोडे जास्त टाकले तर जुने इंजिन अधिक सुरक्षित राहते, हे खरे आहे का?

उत्तर : काही अंशीच. जेटमधून जाणारा द्रव ठरावीकच असतो. त्यात ऑईल वाढले की तेवढे पेट्रोल घटते. १:५० मिश्रणात पेट्रोल सुमारे ९८ टक्के असते, १:२० मध्ये ते सुमारे ९५ टक्क्यांवर येते. म्हणजे ऑईल वाढवून जेट तसेच ठेवले, तर ज्या तापण्याच्या भीतीने ऑईल वाढवले, त्याच दिशेला इंजिन थोडे सरकते. शिवाय कार्बन वाढून एक्झॉस्ट पोर्टचे तोंड अरुंद होते, ते वेगळेच. जुन्या पुस्तिकांतले १:२० किंवा १:२५ हे प्रमाण त्या काळच्या खनिज तेलांसाठी होते. आजचे चांगले टू-टी ऑईल वापरत असाल तर लिटरला २५ ते ३० मिलिलिटरवर साधी, हवेने थंड होणारी इंजिने समाधानाने चालतात. नव्याने बोअर केलेले इंजिन रुळेपर्यंत लिटरला ४० मिलिलिटर ठेवावे. प्रमाण बदलले की प्लग काढून पाहायला विसरू नये : फिकट तपकिरी रंग योग्य, पांढुरका रंग धोक्याचा.

ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेल्या गाडीवर लांब उतार उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, तर फेरे चालू राहतात पण पेट्रोल जवळजवळ थांबते आणि त्याबरोबर ऑईलही. अशा उतारावर क्लच दाबून फेरे खाली येऊ द्यावेत, किंवा अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडून इंजिनाला ओलावा द्यावा.