डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर होऊन खेळायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, थेट पंधराव्या लेव्हलपासून सुरू केली तर चालेल का? सोनं आणि जादुई वस्तू किती द्याव्यात, लढाया कशा ठरवाव्यात?

चालेल. खुशाल करा. आणि ‘आधी पहिल्या लेव्हलपासून खेळा, मग बघू’ असं सांगणारं कुणी भेटलं, तर त्याला एवढंच विचारा की तू स्वतः विसाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलला कितीदा पोचलास.

मी २०१७ साली पुण्यात खेळायला लागले. हॉस्टेलमधला एक सीनियर डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) होता, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. डीएम म्हणून उत्तम. पण त्याचा एक हट्ट होता: कॅरेक्टर कमवावं लागतं, पहिल्या लेव्हलपासून, एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजून. महिन्यातून दोन शनिवार ठरायचे आणि एक व्हायचा. कुणाची परीक्षा, कुणाच्या बहिणीचं लग्न, नंतर नोकऱ्या आणि शिफ्ट. सव्वादोन वर्षांत माझी विझर्ड (जादूगार कॅरेक्टर) आठव्या लेव्हलला पोचली, म्हणजे ३४,००० एक्सपी. विसाव्या लेव्हलला ३,५५,००० लागतात. दहावा हिस्साही झाला नव्हता. मग दादा कॅनडाला गेला आणि कॅम्पेन एका भुयाराच्या मध्यावर थांबली. जे स्पेल (मंत्र) वाचून मी विझर्ड निवडली होती, ते मी कधी टाकलेच नाहीत.

पुढे मी स्वतः डीएम व्हायचं ठरवलं, तेही पंधराव्या लेव्हलपासून. फोनवर दादाला सांगितलं तर म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा." ते मला लागलं, अजून लागतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

पहिल्या सेशनसाठी मी तीन आठवडे खपून एक जंगल बनवलं होतं. नदी, दोन टोळ्या, पडका पूल. शत्रूच्या किल्ल्यापर्यंत पोचायला तीन सेशन लागतील असा हिशेब. सुरुवातीलाच खेळाडूंनी त्याचा एक दूत पकडला आणि त्याच्या झोळीत मी किल्ल्याच्या एका दाराची किल्ली ठेवली, केवळ खूण म्हणून. विझर्ड खेळणाऱ्या मुलाने विचारलं, "ताई, ही किल्ली किल्ल्यातून बाहेर पडून सहा महिने झालेत का?" नव्हते झाले. टेलिपोर्ट या क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या स्पेलच्या नियमात जिथे जायचंय तिथली गेल्या सहा महिन्यांत आणलेली वस्तू हातात असेल, तर माणूस हमखास नेमक्या जागी उतरतो. दहा मिनिटांत सगळे किल्ल्याच्या आत. जंगल तसंच घडी घालून राहिलं.

दुसऱ्या सेशनला लाल ड्रॅगन आणला, ॲडल्ट, २५६ हिट पॉइंटचा (एवढा मार बसला की संपला). पाच जणांनी तिसरी फेरी उजाडू दिली नाही. फायटर (योद्धा) ॲक्शन सर्ज (जादा कृती) वापरून एका पाळीत सहा वार करतो, हे मला पाठ होतं, पण टेबलावर ते काय दिसतं ते तेव्हा कळलं. तेव्हा लढायांबद्दल माझं मत: एकटा मोठा राक्षस ठेवू नका, हिट पॉइंट वाढवत बसू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी काहीतरी जळू द्या, म्हणजे निवड करावी लागेल. आणि रस्ते, दऱ्या, कुलपं यांवर कष्ट घेऊ नका. या लेव्हलला तो अडथळा उरतच नाही.

पण माझी कॅम्पेन वाचली ती लढायांमुळे नाही. दादाचं एक म्हणणं खरं होतं: आयत्या कॅरेक्टरला भूतकाळ नसतो. तो पहिल्या लेव्हलपासूनच येतो, हे मात्र चूक. दुसऱ्या सेशननंतर मी डाइस बाजूला ठेवायला लावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे आज मेलेला माणूस उठवायची ताकद आहे, मग तुमचं कोण अजून मेलेलं आहे, आणि का?

मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेड या पाचव्या लेव्हलच्या स्पेलला (स्पेलच्या लेव्हल वेगळ्या मोजतात) ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा पुरतो. यांच्याकडे तो सहज असतो. म्हणजे पैसे हे कारण चालत नाही. शरीरच उरलं नाही, किंवा मग सगळ्यात वाईट: आत्म्याने यायला नकार दिला. आत्म्याला त्याला उठवणाऱ्याचं नाव कळतं आणि तो नाही म्हणू शकतो, हा नियम आहे.

फायटर खेळणारी मैत्रीण बँकेत आहे, टेबलावर फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "माझा धाकटा भाऊ. हिने बोलावलं होतं, तो आला नाही." हिने म्हणजे क्लेरिकने (पुजारी कॅरेक्टर). क्लेरिक खेळणारी तिच्याकडे बघतच राहिली, कारण हे आधी ठरलेलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "हो. मी बोलावलं होतं."

तिथून पुढचे सात महिने आम्ही तेच खेळलो. नवव्या सेशनला क्लेरिकने प्लेन शिफ्ट (दुसऱ्या लोकात नेणारा स्पेल) टाकून सगळ्यांना तो होता तिथे नेलं. भावाचं बोलणं मी बोलत होते. अर्धा तास एकही डाइस पडला नाही. तो म्हणाला, "हिचं नाव ऐकलं तेव्हाच कळलं, ताई, तूच पाठवलंयस. आलो असतो तर पुन्हा तुझ्या मागे लढायला निघालो असतो." मैत्रीण रडली, क्लेरिकही. हे आठव्या लेव्हलच्या आत घडू शकलं नसतं, कारण तिथे जायची ताकदच कुणाकडे नसते.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. तुमचे सगळे खेळाडू नवे असतील तर हे करू नका. पंधराव्या लेव्हलच्या विझर्डकडे अठरा स्पेल स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) असतात, नवा माणूस त्यात हरवतो. त्यांना तिसऱ्यापासून आणा. जुने असले तरी शीट (कॅरेक्टरचा तक्ता) महिनाभर आधी बनवायला सांगा. आमची एक लढाई साडेतीन तास चालली होती, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

सोनं: २०१४ च्या डीएम गाइडप्रमाणे अकरा ते सोळा लेव्हलला नेहमीच्या सामानाच्या जोडीला ५,००० नाणी, वर एक दहा बाजूंचा डाइस गुणिले २५०, आणि साधारण कॅम्पेनमध्ये दोन अनकॉमन (दुर्मिळतेची खालची पायरी) जादुई वस्तू. मी तेवढंच दिलं, पुरलं. उडण्याची वस्तू मात्र मी कुणाला दिली नाही.

कॅम्पेन संपली तेव्हा दादाला सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "छान. पण भाऊ पहिल्या लेव्हलपासून सोबत असता तर?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्या विझर्डची शीट त्याच्या हिरव्या फोल्डरमध्ये आहे, चौथ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट न वापरलेले. ती मला परत हवी आहे.