दारू सुटली तर लग्न लावतील

व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला गेले की जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी ताट घेऊन शेजारी येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, आमच्याकडे दारूचा एक पेशंट आहे. पण तो 'तसा' आहे असं कळलं. आता आधी काय सुधरवायचं?" वॉर्डबॉय असो की समाजकार्यातली एमएसडब्ल्यू पदवी घेतलेली समुपदेशक, प्रश्न हाच. आईबाप तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारतात: "लग्न करून दिलं तर दारू सुटेल ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. उपचार दारूवर. दुसऱ्या गोष्टीत सुधरवण्यासारखं काही नाही, कारण तो आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगून टाकलं की लैंगिक कल बदलून देण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. तेव्हा "दोन्ही घालवून देतो" असं कोणी म्हणत असेल तर तिथे पेशंट पाठवू नका.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र प्रफुलची गोष्ट सांगावी लागते. नाव खोटं आहे आणि दोन-तीन जणांचे तपशील त्यात मिसळले आहेत.

प्रफुल तिशीच्या आतला, यवतमाळ जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू शेती. दोन केंद्रांत राहून आलेला. जुन्या कागदांवर शेरा होता, 'कापसाचा पैसा हाती आला की पुन्हा सुरू.' आपल्याकडे हे इतक्या जणांचं असतं की पुढे कोणी विचारत नाही. मी तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं त्याचा कापूस गेला होता, हातात दमडी नव्हती, तरी तो त्याच सुमारास घसरला होता. दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की पंधरा-वीस दिवसांत.

किती पितो, यात मी फार वेळ घालवत नाही. पहिला पव्वा कुठे, कोणासोबत आणि आदल्या दिवशी घरात काय बोलणं झालं, हे विचारते. दारू त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी काम करत असते आणि ते काम ओळखल्याशिवाय ती हातातून काढून घेऊ नये, असं माझं जुनं मत आहे. काही सहकाऱ्यांना हे फार मऊ वाटतं. वाटू दे.

"तुळशीचं लग्न झालं की तुमच्या घरी काय असते, प्रफुल?"

"पाहुणे."

"कशाचे?"

"पोरीवाल्यायचे." केंद्रात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, बंद, पण खिशातली रिकामी पन्नी तो दोन्ही तळव्यांत घोटत बसायचा. बराच वेळ घोटली. मग म्हणाला, "पेणाऱ्याले कोणी पोरगी देत नाई, मॅडम. सोडली तं लगन लावतील."

मी म्हटलं, "लग्न का नको, हे मला सांगायलाच पाहिजे असं नाही. सांगितलं तर या खोलीतच राहील. तुझ्या मायलाही कळणार नाही."

त्या दिवशी तो उठून गेला. पुढच्या भेटीत बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "याच्यात केस होते का?" नाही होत, मी सांगितलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान माणसांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग तो बोलला. बारावीपासूनचा मित्र, शेजारच्या गावचा. भेट व्हायची ती देशीच्या दुकानामागच्या शेतात.

"बिना पेल्याचा मी त्याले कधी भेटलोच नाई. पेऊन झालं तं ते दारूनं झालं. न पेता झालं तं मंग मीच तसा."

इतकी वर्षं या खुर्चीत बसते आहे, पण दारूचा इतका नेमका हिशोब मला कोणी दिला नव्हता. ती एकाच वेळी तीन कामं करत होती. स्थळं परतवून लावत होती, मित्राला भेटायचा धीर देत होती आणि झालेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतःवर घेत होती. केंद्रात आपण "दारू सोड" म्हणत होतो. त्याच्या कानाला ते "लग्न कर, त्याला विसर आणि आरशात बघ" असं ऐकू येत होतं. हे तिन्ही एकदम कोण करेल? गावाच्या हिशोबात दारुडा असणं परवडतं, हे नाही परवडत.

समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोकांत दारू-तंबाखूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. इलान मायर या संशोधकानं २००३ च्या लेखात त्याची मांडणी सविस्तर केली: कारण त्या माणसाच्या घडणीत नसतं. सततचं लपवणं, उद्या कोणाला कळलं तर ही धास्ती आणि लोकांची घृणा स्वतःच्याच मनात मुरणं, या ताणात असतं. आपल्या भागात त्यावर थर चढतो. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती. तिथला पेशंट दोन गोष्टी लपवत असतो आणि अनेकदा दोन्हीसाठी हद्द ओलांडून एकाच ठिकाणी जातो.

म्हणून आता सहकाऱ्यांना जे सांगते ते असं. पेशंट रोज पिणारा असेल तर आधी डॉक्टर. एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ते निभावलं की मगच बोलणं. केसपेपर भरताना "लग्न का नाही झालं?" विचारू नका, "घरात आणि घराबाहेर जवळचं कोण?" विचारा आणि उत्तराची घाई करू नका. गटात सगळ्यांसमोर सगळं ओकून टाकायची जबरदस्ती नको. रात्री तो त्याच हॉलमध्ये झोपणार आहे. ट्रान्सजेंडर पेशंट असेल तर कोणत्या वॉर्डात राहायचं आणि कोणत्या नावानं हाक मारायची, हे तिलाच विचारा. हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांच्या कागदावर आल्या पाहिजेत. ज्या बायकांचं बायकांवर प्रेम असतं, त्यांतल्या काही झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढतात, आणि आपल्या केंद्राच्या पायरीवर त्या जवळजवळ कधीच येत नाहीत. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत मी हा विषय काढतेच.

गुप्ततेचं तर विचारूच नका. आपल्याकडे शिपाई पेशंटचा मावसभाऊ निघतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं व्यसनाच्या पेशंटलाही गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई केली आहे. मी संवेदनशील गोष्ट केसपेपरवर लिहीत नाही, आणि लिहावीच लागली तर पेशंटला आधी वाचून दाखवते.

प्रफुलची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, याचे दोनाचे चार हात करून टाकू, मंग सुटते आपोआप." बोलण्या-बोलण्यात कळलं की ती कोणाच्या सांगण्यावरून वरणात दारू सोडवायची गोळी मिसळत होती. हे घरोघरी चालतं, म्हणून सांगते. त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. न सांगता दिलं आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. ती गोळी पेशंटच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची.

लग्नाबद्दल तिला म्हटलं, "काकू, दारू सुटल्यावर किमान एक वर्ष लग्नाचा विषय काढायचा नाही. हा उपचाराचाच भाग आहे." यात खोटं काही नव्हतं. नव्यानं सोडलेल्याला कोणताही मोठा बदल झेपत नाही. पण त्या वर्षानं प्रफुलला पहिल्यांदा श्वास घेता आला. दारूचं पहिलं काम मी माझ्याकडे घेतलं, एवढंच. मोठ्या भावाला सांगायचं त्यानं स्वतः ठरवलं, तेही बऱ्याच महिन्यांनी. आईला अजून माहीत नाही. ते माहीत व्हावंच, असा माझा आग्रहही नाही.

मधे पोळ्याला एकदा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आपणहून आला. आधीची केंद्रं याला अपयश म्हणाली असती. मला त्यात, खरं सांगते, समाधान वाटलं.

मित्राला न पिता भेटणं सगळ्यात अवघड गेलं. "बोलाचं काय तेच समजत नाई," म्हणायचा. शेतातली जागा सोडून दिवसा, बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीवर भेटायचं असं ठरवलं. तिथून पुढचा गुंता सुरू झाला, कारण मित्र लग्नाचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे आणि प्रफुलपेक्षा जास्त पितो. त्याच्या बायकोला काय माहीत आहे, हे मला ठाऊक नाही, पण या सगळ्यात तिचं काय, हा प्रश्न मी प्रफुलला विचारला आहे आणि तो त्याला आवडलेला नाही. गेल्या महिन्यात मित्र ओपीडीला आला. त्याचा वेगळा केसपेपर काढून मी तो दुसऱ्या समुपदेशकाकडे दिला. एकाचं गुपित दुसऱ्याच्या उपचारात झिरपायला नको. नागपूरला समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काम करणारा सारथी ट्रस्ट आहे, तिथला पत्ता दोघांनाही दिला. घरबसल्या बोलायचं असेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. प्रफुल म्हणतो की गावात फोनवर बोलायला एकांतच नसतो. मग तो बांधावर जाऊन बोलतो.