क्षमा मिळाली, तरी टोचणी का जात नाही?

प्रश्न : आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम. मी हिशेबनीस असताना माझ्या हातून रोख रकमेत गफलत झाली. चौकशीत मी गप्प बसलो आणि ठपका माझ्या हाताखालच्या मुलावर आला. त्याची नोकरी गेली. पुढे माझं तारण झालं, बाप्तिस्मा झाला. या पापाची कबुली मी देवाजवळ कितीतरी वेळा दिली, उपास केले. तरी प्रभुभोजनाची भाकर हातात आली की त्याचाच चेहरा समोर येतो. तो अधूनमधून रस्त्यात दिसतो, तेव्हा मी वाट बदलतो. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, 'हा सैतानाचा दोषारोप आहे, धुडकावून लावा.' धुडकावला तरी तो परत येतो. माझा विश्वास कमी पडतो आहे का? – एक वाचक

उत्तर : बंधू, त्या वडीलधाऱ्यांनी प्रेमापोटीच सांगितलं असेल, पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. सैतान दोष देतो हे खरं आहे. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात त्याला आपल्या बंधूंना दोष देणारा असंच म्हटलं आहे. पण तो बोलतो ते मोघम. तू वाईटच, तुझ्यासारख्याला कुठली क्षमा, असं. त्यावर करण्यासारखं काहीच उरत नाही, माणूस नुसता कुढत बसतो. पवित्र आत्मा मात्र नेमक्या जागी बोट ठेवतो. दावीद राजाने उरीया या आपल्या शिपायाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मारवलं. त्यानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हा 'तो मनुष्य तूच आहेस' एवढ्यावर थांबला नाही. उरीया हित्ती, त्याची बायको, अम्मोनी लोकांची तलवार, सगळं त्याने नावानिशी समोर ठेवलं. तुम्हालाही एकच प्रसंग दिसतो आणि एकच चेहरा. तो धुडकावू नका.

तुमच्या क्षमेबद्दल मला शंका नाही. आपण पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, हे १ योहान १:९ मधलं वचन तुमच्यासाठीही आहे. प्रश्न वेगळाच आहे. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे ते थोडक्यात दिलं आहे. त्यात तुमची उडालेली झोप आहे, उपास आहेत, प्रार्थनेतला कोरडेपणा आहे. नोकरी गेल्यावर त्या मुलाचं पुढे काय झालं, याबद्दल एक ओळही नाही. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्या दुःखाचं तोंड अजून स्वतःकडेच वळलेलं आहे, ते त्याच्याकडे वळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

'मी पाप केलं आहे' असं शौल राजाही म्हणाला होता. पण त्याच दमात त्याने शमुवेल संदेष्ट्याला गळ घातली, लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५:३०). दावीदही तेच म्हणाला, पण त्याने मानाची अट घातली नाही. तुम्ही वाट बदलता ती कशासाठी, हे प्रभूपुढे बसून एकदा स्वतःला विचारा.

मोशेच्या नियमशास्त्रात याबद्दल फार स्पष्ट सांगितलं आहे. गणना ५:७ वाचा. अपराध्याने पाप कबूल करायचं, पुरी भरपाई द्यायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे सगळं ज्याचा अपराध केला त्याच्या हाती द्यायचं. मात्र पुढच्याच वचनात प्रायश्चित्ताचा मेंढा वेगळा सांगितला आहे. म्हणजे भरपाईने पाप फिटत नव्हतं, आणि मेंढा अर्पण केला म्हणून भरपाई चुकत नव्हती. आपल्यासाठी देवाचा कोकरा, म्हणजे प्रभू येशू, वधस्तंभावर अर्पण झाला आहे, पण त्या मुलाचं देणं तुमच्याकडे बाकी आहे. वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूनेच सांगितलं आहे (मत्तय ५:२३-२४). तेव्हा प्रभुभोजनाच्याच वेळी तो चेहरा समोर यावा, यात मला नवल वाटत नाही.

आता जायचं कसं? आधी पत्नीला आणि पाळकांना विश्वासात घ्या. प्रकरण पैशाचं आहे, तेव्हा वकिलाचा सल्लाही घ्या. त्याने विश्वास कमी ठरत नाही. मग त्या मुलाला भेटा आणि पहिलंच वाक्य असं बोला : 'ती गफलत माझी होती, तुझी नव्हती, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.' पुढे 'पण' नको. तुमची झोप, तुमची टोचणी यांतलं काही सांगू नका, ते ऐकून घेणं त्याचं काम नाही. तो चिडला तर चिडू द्या. क्षमेसाठी त्याच्या मागे लागू नका. हेच त्या मालकांनाही लेखी कळवा, कारण त्याच्या नावावरचा डाग त्या कागदाने पुसला जाईल, तुमच्या अश्रूंनी नाही. बुडालेल्या पगाराचा विषयही तुम्हीच काढा. मंडळीत साक्ष देण्याची घाई मात्र करू नका. ही गोष्ट त्याचीही आहे, त्याच्या परवानगीशिवाय ती चारचौघांत सांगता येणार नाही.

त्याने तुम्हाला दारातून परत पाठवलं तरी देवाने केलेली क्षमा मागे घेतली जाणार नाही. हे पक्कं मनात धरूनच त्याच्या घरी जा.

प्रश्न : ताई, उपासनेत पश्चात्तापाची प्रार्थना चालते तेव्हा आजूबाजूच्या बायका रडतात. मला रडू येत नाही. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? – एक भगिनी

उत्तर : नाही. पेत्र फार रडला आणि त्याचं रडणं खरं होतं. आशीर्वाद गमावल्यावर एसावही रडला, पण इब्री १२:१७ सांगतं, त्याचा उपयोग झाला नाही. कोणाला रडू येतं, कोणाला येत नाही. लूकच्या ३ऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणावर जुलूम करू नका, पगारात तृप्त असा. रडा, असं त्याने एकालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही रडण्याची काळजी सोडा आणि त्यांच्यासारखंच विचारा, 'प्रभू, मी काय करावं?'