लेकीला अणुभट्टीच्या नोकरीत पाठवावं का?

राजापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अणुऊर्जेतच जायचं म्हणून हटून बसली आहे. आई स्वतः जैतापूर अणुप्रकल्पाविरोधी मोर्चात चाललेल्या. त्या विचारतात, "अणुभट्ट्यांचे एवढे प्रकार असतात म्हणे, त्यातला सुरक्षित कुठला? मुलीच्या जातीनं हे काम करावं का? उद्या लग्न झाल्यावर मूलबाळ होताना काही त्रास?"

ताई, आधी प्रकारांचं बघू. गोंधळ होतो कारण एकाच भट्टीला चार बाजूंनी चार नावं पडतात. न्यूट्रॉनचा, म्हणजे युरेनियमचे अणू फोडणाऱ्या कणांचा, वेग कशानं कमी करतात (बहुतेक भट्ट्यांत मंदावलेल्या न्यूट्रॉनवरच फुटण्याची साखळी चालते), उष्णता कशानं बाहेर आणतात, इंधन साधं, म्हणजे नैसर्गिक युरेनियम की समृद्ध, म्हणजे सहज फुटणारा भाग वाढवलेलं, आणि भट्टी विजेसाठी की संशोधनासाठी. तारापूरच्या एकाच आवारात दोन जाती आहेत. 1969 पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. त्यांत समृद्ध युरेनियम आणि साधं पाणी असतं, आणि भट्टीतली वाफ थेट टर्बाईनवर जाते. तिसरी आणि चौथी जड पाण्याच्या (म्हणजे जड हायड्रोजनपासून बनलेल्या पाण्याच्या), प्रत्येकी 540 मेगावॅटच्या. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, आणि टर्बाईनची वाफ मधल्या स्टीम जनरेटरमध्ये वेगळ्या पाण्याची होते. कुडनकुलमला दाबाखालचं साधं पाणी, कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरमध्ये, म्हणजे वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीत, द्रवरूप सोडियम. तुर्भ्याची ध्रुव संशोधनाची, ती वीज करत नाही.

आता सुरक्षित कुठली? नुसत्या नावावरून थोडंच कळतं. चेर्नोबिलला 1986 मध्ये मात्र जातच नडली. तिथे न्यूट्रॉन मंदावायला ग्रॅफाईट होतं आणि थंड करायला पाणी. पाण्याची वाफ झाली की भट्टीची शक्ती घटण्याऐवजी वाढायची, आणि वर भक्कम बंदिस्त कवचही नव्हतं. साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉन मंदावण्याचं कामही पाणीच करतं, त्यामुळे पाणी गेलं की साखळी प्रक्रिया आपोआप मंदावते. आपल्या जड पाण्याच्या भट्टीतही वाफ झाल्यावर शक्ती थोडी वाढण्याकडे कल असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच तारापूरच्या 540 मेगावॅटच्या भट्ट्यांत ती बंद करायच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. एक कॅडमियमच्या कांड्या खाली सोडते, दुसरी गॅडोलिनियमचं द्रावण आत मारते; दोन्ही न्यूट्रॉन शोषून घेतात.

पण 2011 मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच व्यवस्थित बंद झाल्या होत्या. नडलं ते पुढे. चूल विझली तरी निखारे धगधगत राहतात, तसं भट्टी बंद झाल्या क्षणीही सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. 540 मेगावॅट ही नुसती वीज, भट्टीतली उष्णता तिच्या तिपटीच्या आसपास, म्हणून तिथे हे निखारेच शंभर मेगावॅटच्या घरात जातात. त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि इंधन वितळलं. म्हणून कुठल्याही भट्टीबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, वीज गेली तर ही थंड कोण करणार?

आपल्याकडे ही परीक्षा उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला झाली. 31 मार्च 1993 च्या पहाटे टर्बाईनची पाती तुटली, जनरेटरमधल्या हायड्रोजननं पेट घेतला, केबल जळाल्या आणि सुमारे 17 तास स्टेशनवर वीज नव्हती. भट्टी बंद होती, पण उष्णता चालूच. कर्मचाऱ्यांनी आग विझवायचे डिझेल पंप चालू करून ते पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडलं. भट्टीतलं गरम जड पाणी पंपाविना, नैसर्गिक अभिसरणानं फिरत राहिलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या रात्री कामाला आले ते पंप, व्हॉल्व्ह आणि पाण्याचा प्रवाह. म्हणजे तुमच्या मुलीचाच विषय. हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ती कच्ची असेल तर अणुऊर्जेची हौस तूर्त बाजूला ठेवून आधी ते पक्कं करायला सांगा.

मूलबाळाबद्दल. कर्मचाऱ्यांना छातीवर किरणोत्साराचा डोस मोजणारा बॅज लावावा लागतो. पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं माप), आणि एखाद्या वर्षी फार तर 30, ही मर्यादा आहे. गरोदर असल्याचं कळवलं की काम बदलून देतात, कारण उरलेल्या महिन्यांत गर्भाला 1 मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादाही तेवढीच. शिवाय डिझाईन, गणन, तपासणी अशा कामांत भट्टीच्या जवळ जाणं कमीच.

वाट अशी. पदवीला 60 टक्के हवेतच. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये वर्षभराचं प्रशिक्षण असतं. त्यासाठी गेटचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, स्कोअर किंवा त्यांची स्वतःची परीक्षा, आणि मग मुलाखत. ती मुलाखत कस काढते, पाठांतर चालत नाही. एनपीसीआयएल, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी, गेटच्या गुणांवरून एक्झिक्युटिव्ह ट्रेनी घेते. नेमणूक कैगा, रावतभाटा, काक्रापार कुठेही होऊ शकते, म्हणजे गावापासून लांब कॉलनीत राहणं आलं. न्यूक्लिअर इंजिनीअरिंगची वेगळी पदवी शोधत बसू नका, मेकॅनिकल पुरेसं आहे.

आणि मोर्चाचं. जैतापूरला प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या प्रस्तावित आहेत, दाबाखालच्या पाण्याच्याच. त्यांत वितळलेलं इंधन झेलायची सोयही असते. तरी जमीन, मासेमारी, गरम पाणी समुद्रात सोडणं हे तुमचे प्रश्न भट्टीची जात सांगून सुटत नाहीत, आणि मुलीनं नोकरी धरली म्हणून ते सोडायचंही कारण नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून आहे. तिथे दुसऱ्यांच्या डिझाईनमधल्या चुका शोधणं हेच काम. घरात असे प्रश्न ऐकत वाढलेली मुलगी तिथे शोभेल, असं मला मनापासून वाटतं.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुटतात आणि तिसऱ्या वर्षालाही बसता येतं. यंदा सरावासाठी बसू दे, खरी बाजी पुढच्या वर्षी.