मधलं बोट दुमडलं की अनामिका उचलता येत नाही, नस दबली असेल का?

नाही हो, नस वगैरे काही दबलेली नाही. तुम्ही लिहिलंय की मुलाने हा खेळ दाखवला, तळहात टेबलावर पालथा ठेवायचा, मधलं बोट आत दुमडायचं आणि बाकीची एकेक उचलायची, तर अनामिका चिकटल्यासारखी राहिली आणि तुम्हाला रात्रभर झोप नाही. मी मालवणात फिजिओथेरपी करते, माझीही उचलत नाही. घरात सगळ्यांना करायला लावा, बहुतेकांचं हेच होईल.

मुळात बोट वाकवणारा किंवा सरळ करणारा स्नायू बोटात नसतोच, तिथे हाडं, सांधे आणि दोऱ्या. लहानपणी आई कुर्ल्या, म्हणजे खेकडे, साफ करायला बसली की आम्ही मोडलेल्या डेंग्यातली, म्हणजे नांगीतली, पांढरी शीर चिमटीत धरून ओढायचो आणि तो डेंगा आपोआप मिटायचा, बोटाचं तसंच समजा. ओढणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली असतात. आत्ता दुसऱ्या हाताने तिथे धरा आणि बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा, आतलं मांस वळवळताना हाताला लागेल.

आता तुमची अनामिका. चार बोटं सरळ करायला मुख्य स्नायू एकच, पुढे त्याच्या चार दोऱ्या होतात आणि हाताच्या पाठीवर या दोऱ्या एकमेकींना आडव्या बंधांनी बांधलेल्या असतात. मधलं बोट दुमडलं की त्याची दोरी पुढे खेचली जाते, आणि शेजारची बांधलेली असल्यामुळे तीही अडकते, मग तुम्ही कितीही जोर लावा. तर्जनी आणि करंगळीला एकेक जादा दोरी स्वतःची असते म्हणून त्या सुटतात, अंगठ्याचा तर कारभारच वेगळा.

अजून एक करून बघा, मला हे फार आवडतं. बोटं सरळ ठेवून फाकवा, सहज फाकतात. मग मुळाच्या सांध्यात काटकोनात वाकवा आणि तशीच फाकवा, जवळजवळ हलतच नाहीत. त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना जे बंध असतात ते बोट सरळ असताना सैल आणि वाकल्यावर ताठ होतात, म्हणून तर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर मुठीत धरला की बोटं बाजूला सरकत नाहीत. रापण ओढणाऱ्यांचे पायही बघा कधी, टाच उचलली की अंगठा मुळातून वर वाकतो, त्याने तळव्याखालचा जाड पट्टा ताणला जातो आणि पाऊल कडक होतं, म्हणून वाळूतसुद्धा रेटा लावता येतो.

दाखवायचं कधी, तर बोट बधिर असेल, हात मोकळा असतानाही बोट वर येत नसेल किंवा वाकलेलं बोट अडकून मग टक्‌ करून सुटत असेल तर. माझ्या आईचं असंच व्हायचं, विळीवर नारळ खवून उठली की अनामिका मिटलेलीच, दुसऱ्या हाताने सरळ करायची आणि वय झालं म्हणून गप्प बसायची. तिच्या तळव्यात बोटाच्या मुळाशी, जिथून दोरी जाते ती कडी जाड झाली होती आणि दोरी तिथे अडकायची. यावर इलाज आहे, सुरुवातीला पट्टी आणि विश्रांतीनेही पुष्कळ जणांना बरं वाटतं. मी याच कामात असून आईचं दुखणं मला दोन वर्षांनी कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणी सकाळी उठून बोटं हाताने सरळ करत असेल तर आजच विचारा.